‘चोक अप’ फक्त बेसिनच होतं असं नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका निवृत्त शिक्षिकेवरच्या इंग्रजी लेखाचा तुम्ही मराठी अनुवाद करत होतात. त्यात वाक्य आलं, ‘शी चोक्ड अप व्हाइल रीडिंग द लेटर’. शब्दकोशात ‘गुदमरणे, तुंबणे, कोंदणे’ असे अर्थ सापडले, म्हणून तुम्ही लिहिलंत, ‘पत्र वाचताना तिचा श्वास कोंडला.’ संपादकांनी त्यावर लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘दवाखान्यात नेलं का?’ आता तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. ‘चोक अप’चा नेमका अर्थ काय, ते आणि ‘ब्रेक डाउन’ एकच का, आणि रागासाठी ते वापरता येतं का.

पहिल्यांदा दिलासा देतो. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी मालिकांच्या उपशीर्षकांची कामं घ्यायला लागलो, तेव्हा एका निरोपाच्या प्रसंगात हेच क्रियापद आलं आणि मी बिनदिक्कत ‘त्याला ठसका लागला’ असं लिहून दिलं. पडद्यावर बाप मुलीला निरोप देतोय, आवाज फुटत नाहीये, आणि खाली ठसका. ते तसंच प्रसारितही झालं. त्यामानाने तुमची चूक संपादकाच्या टेबलावरच अडली, हे बरं झालं.

‘चोक अप’ म्हणजे भावना इतकी दाटणं की आवाज अडतो. डोळ्यांत पाणी असेल किंवा नसेल, श्वास नीट चालू असेल, माणूस दोन्ही पायांवर उभा असेल. अडतो तो आवाज. त्यामुळे तुमचं वाक्य ‘पत्र वाचता वाचता तिचा गळा दाटून आला’ असं होईल. पुढचं सगळं लिहितोय ते हा अर्थ पक्का बसावा म्हणून, कारण या क्रियापदाच्या आजूबाजूला चार-पाच जवळचे नातेवाईक राहतात आणि अनुवादक नेहमी त्यांच्या घरात चुकून शिरतो.

मराठी माणसाची इथे एक खास अडचण आहे. ‘चोकअप’ हा शब्द आपल्याला इंग्रजीच्या तासाला भेटत नाही, प्लंबरकडून भेटतो. ‘बेसिन चोकअप झालंय’, ‘सोसायटीची ड्रेनेज लाइन चोकअप आहे’. घरोघरी हा शब्द असाच नांदतो. त्याशिवाय जुन्या स्कूटरचा चोक होता. थंडीच्या सकाळी तो ओढल्याशिवाय गाडी सुरू व्हायची नाही. ट्यूबलाइटचा चोकही होता, तो जळला की काकांना इलेक्ट्रिकच्या दुकानात पाठवायचे. या सगळ्यांत एकच कल्पना आहे: काहीतरी वाहतंय आणि त्याची वाट अरुंद केली किंवा बुजवली आहे. स्कूटरचा चोक हवा कमी करतो, ट्यूबचा चोक विजेचा प्रवाह आवरतो, बेसिनमध्ये केस आणि खरकटं पाणी अडवतात. माणसाच्या बाबतीत वाहणारी गोष्ट आवाज असते. मूळ इंग्रजी शब्दाचा संबंध जबडा आणि गाल यांच्यासाठीच्या जुन्या शब्दाशी आहे, म्हणजे हे क्रियापद आधी माणसाच्या तोंड-गळ्याचं आणि नंतर यंत्राचं. आपल्याकडे ते उलट्या क्रमाने आलं, एवढंच.

आवाज का अडतो, याचं सर्वसाधारण स्पष्टीकरण असं दिलं जातं. भावना उचंबळते तेव्हा शरीर जास्त हवा आत घेण्याच्या तयारीत असतं आणि स्वरयंत्राची फट उघडी राहू पाहते. आवंढा गिळताना मात्र ती मिटावीच लागते. स्नायूंच्या या ओढाताणीत घशात गोळा आल्यासारखं वाटतं. इंग्रजीत त्यालाच घशातला ‘लंप’ म्हणतात. मराठीत आपण त्याच क्षणी ‘आवंढा गिळला’ म्हणतो, आणि या साध्या शब्दप्रयोगात ते सगळं शरीरशास्त्र आलेलं आहे.

आता ‘अप’ या शेपटाकडे येतो. विद्यार्थी मला नेहमी विचारतात की चोकचा अर्थ कळला, मग अप कशाला. माझं उत्तर असतं की मराठीतलं ‘येणे’ काय करतं ते बघा. नुसतं ‘दाटणे’ आणि ‘दाटून येणे’, नुसतं ‘भरणे’ आणि ‘भरून येणे’, नुसतं ‘उचंबळणे’ आणि ‘उचंबळून येणे’ यांत जो फरक आहे, जवळपास तेच काम तिथे ‘अप’ करतं. काहीतरी आतून, खालून वर चढतंय आणि गच्च होतंय. आभाळ भरून येतं आणि ऊरही भरून येतो. ‘चोक’ला ‘अप’ लावला नाही तर अर्थच बदलतो. ‘ही चोक्ड’ एवढंच लिहिलं तर वाचकाला वाटेल की घास अडकला, किंवा खेळाच्या बातमीत असेल तर मोक्याच्या क्षणी माणूस कच खाऊन हरला.

‘वर चढणं’ दोन्हीकडे सारखं असलं तरी व्याकरण वेगळं आहे, आणि अनुवादात हीच जागा पाहावी लागते. इंग्रजीत कर्ता सरळ उभा असतो: ‘आय चोक्ड अप’. मराठीत भावना माणसाकडे चालून येते आणि माणूस चतुर्थीत जाऊन बसतो: मला भरून आलं, तिला गहिवरून आलं, त्याला रडू कोसळलं. नाहीतर अवयव कर्ता होतो: माझा गळा दाटला, तिचा आवाज कापरा झाला. म्हणून ‘मी चोकअप झालो’ असं आजकाल ऐकू येतं ते मला खटकतं. परकीय शब्दाचं मला वावडं नाही, पण त्या वाक्यात माणूस गटारासारखा तुंबलेला दिसतो.

शेजाऱ्यांकडे वळतो. इंग्रजी भावना शरीरावर कुठे ठेवते ते पाहिलं की गोंधळ संपतो. ‘चोक अप’ गळ्यात. ‘टिअर अप’ डोळ्यांत, म्हणजे डोळे पाणावणे. ‘वेल अप’ही डोळ्यांतच, पण पाणी काठोकाठ आलेलं, म्हणजे डोळे डबडबणे. इथल्या ‘वेल’मध्ये विहीर दिसते खरी, पण क्रियापदाचं मूळ उकळण्या-बुडबुडण्याचं आहे, झऱ्यासारखं वर येणं. ‘ब्रेक डाउन’मध्ये मात्र सगळा माणूसच येतो. आवरणं संपलं, हुंदके सुरू झाले. मराठीत त्यासाठी ‘रडू कोसळलं’ इतका नेमका शब्द आहे की मला दर वेळी गंमत वाटते. त्यांचं ‘डाउन’ आणि आपलं ‘कोसळणं’ एकाच दिशेचं आहे. दाटून येतं ते वर, कोसळतं ते खाली. कोसळल्यावर पुढे किती, याच्या पायऱ्या मराठीत भरपूर आहेत: हमसून हमसून, ढसाढसा, ओक्साबोक्शी, धाय मोकलून. पण त्या ‘चोक अप’च्या वाट्याला कधी येत नाहीत.

‘टिअर अप’बद्दल एक इशारा देऊन ठेवतो, कारण यात मोठमोठे फसतात. अक्षरं तीच ठेवून ‘टेअर अप’ असा उच्चार केला की अर्थ फाडणे. भूतकाळही वेगळा. कागदाचा ‘टोअर अप’, डोळ्यांचा ‘टिअर्ड अप’. एकदा एका अनुवादात नायिकेने पत्र वाचलं आणि फाडलं असं आलं होतं. प्रत्यक्षात तिचे डोळे भरून आले होते, आणि पुढच्या प्रकरणात ती तेच पत्र उशाखाली ठेवते. तपासणाऱ्याच्या लक्षात आलं म्हणून वाचलो.

आणि ‘क्रॅक अप’ तर या घरातलाच नाही. आज ते बहुतेक वेळा हसून लोटपोट होण्यासाठी वापरतात. अंत्ययात्रेच्या वर्णनात ते घालू नका.

आपल्या परंपरेतला एक आधार इथे फार कामाचा आहे आणि मी तो वर्गात हमखास सांगतो. नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव, म्हणजे भावनेची शरीरावर आपोआप उमटणारी चिन्हं, सांगितली आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. कीर्तनातून ‘अष्टसात्त्विक भाव दाटून आले’ हे आपण ऐकलेलं असतं, पण मोजून कोणी बघत नाही. मोजून बघा, स्वरभेद आणि अश्रू ही दोन वेगळी नावं आहेत. आवाज अडखळणं एक आणि डोळे वाहणं दुसरं, हे भेद नटाला माहीत असायलाच हवेत असं त्या शास्त्राला वाटलं. ‘चोक अप’ म्हणजे स्वरभेद, ‘टिअर अप’ म्हणजे अश्रू. ‘ब्रेक डाउन’ला तिथे नेमका जोडीदार नाही, कारण प्रलय म्हणजे शुद्ध हरपणं, ते त्याच्याही पलीकडचं.

हा भेद फक्त कोशकारांच्या हौसेचा नाही. अमेरिकेच्या राजकारणात त्यावरून एक प्रकरण गाजलं. २६ फेब्रुवारी १९७२ ला न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टर शहरात सिनेटर एडमंड मस्की भर बर्फात ‘युनियन लीडर’ या वृत्तपत्राच्या कचेरीसमोर बोलायला उभे राहिले. डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षीय उमेदवारीत ते तेव्हा आघाडीवर होते. वृत्तपत्राने त्यांच्या पत्नीबद्दल झोंबणारा मजकूर छापला होता, आणि त्याला उत्तर देताना त्यांचा आवाज अडला. इथवर सगळ्यांचं एकमत. पुढे मात्र काही वार्ताहरांनी ते रडले, अश्रू गालांवरून ओघळले, असं लिहिलं. मस्की म्हणत राहिले की ते चेहऱ्यावर वितळलेलं बर्फ होतं. म्हणजे ‘चोक अप’बद्दल वाद नव्हताच, वाद ‘ब्रेक डाउन’बद्दल होता. त्या राज्यातली प्राथमिक निवडणूक, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठीचं मतदान, त्यांनी जिंकली, पण अपेक्षेपेक्षा कमी फरकाने, आणि उमेदवारी शेवटी जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्याकडे गेली. घसरणीची कारणं आणखीही होती, तरी ‘रडलेला उमेदवार’ हा शिक्का पुसला गेला नाही. तो वृत्तांत लिहिणाऱ्यांपैकी डेव्हिड ब्रॉडर यांनी बऱ्याच वर्षांनी या बातमीकडे पुन्हा वळून पाहिलं, आणि ती आपल्याला अजून छळते असं लिहिलं. शब्द निवडणाऱ्या प्रत्येकाने हा किस्सा माहीत ठेवावा.

त्याच राज्यात, ७ जानेवारी २००८ ला, पोर्ट्समथमधल्या एका कॉफीच्या दुकानात हिलरी क्लिंटन यांना एका बाईंनी विचारलं की हे सगळं तुम्ही कसं निभावता. उत्तर देताना त्यांचा आवाज मऊ झाला, अडखळला, डोळे ओलावले. त्या रडल्या नाहीत. बातम्यांमध्ये मात्र ‘चोक्ड अप’पासून थेट ‘क्राइड’पर्यंत सगळं आलं. दुसऱ्या दिवशी तिथली प्राथमिक निवडणूक त्यांनी जिंकली. तोच गळा दाटणं छत्तीस वर्षांनी वेगळं वाचलं गेलं, पण बातमीदारांचं शब्दांचं भान तेवढंच ढिलं राहिलं.

खेळातली उदाहरणं मला जास्त आवडतात, कारण तिथे सगळं चित्रफितीवर बघून ठरवता येतं. १९९३ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात याना नोवोत्ना स्टेफी ग्राफविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये ४-१ ने पुढे होती आणि ५-१ व्हायला एकच गुण हवा होता. तिथून तो सेट ती ६-४ हरली, आणि सामनाही. हे ‘चोक्ड’, बिन-अपचं. नंतर बक्षीस घेताना डचेस ऑफ केंट यांच्या खांद्यावर डोकं ठेवून ती रडली. हे ‘ब्रोक डाउन’. एकाच दुपारी एकाच खेळाडूला दोन क्रियापदं लागली, आणि मधलं ‘चोक अप’ नावालाच घडलं. (१९९८ मध्ये ती जिंकली, हे सांगितल्याशिवाय मला हे उदाहरण पुढे ढकलवत नाही.)

१ फेब्रुवारी २००९ ला मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात रॉजर फेडरर पाच सेटमध्ये नदालकडून हरला आणि भाषणाला उभा राहिला. आधी आवाज अडला, मग त्याला बोलताच येईना, तो बाजूला झाला. नदालला करंडक मिळाल्यावर पुन्हा येऊन त्याने भाषण पुरं केलं. इथे ‘चोक अप’चं ‘ब्रेक डाउन’ कसं होतं ते सेकंदासेकंदाने दिसतं.

आणि आपल्या सगळ्यांना आठवणारं, १६ नोव्हेंबर २०१३ चं वानखेडे. सचिनने हातात नावांची यादी घेऊन सुरुवात केली आणि पहिलं नाव वडिलांचं घेतलं. आवाज अनेकदा अडखळला. मध्ये थांबला, पाण्याचा घोट घेतला, पुन्हा यादीकडे पाहिलं आणि शेवटपर्यंत बोलला. इंग्रजीत हे ‘ही चोक्ड अप सेव्हरल टाइम्स’. ‘ब्रोक डाउन’ लिहिलं तर ते खोटं ठरेल. मराठीत मी लिहीन, ‘बोलताना त्याचा गळा वारंवार दाटत होता.’ ‘सचिनला रडू कोसळलं’ असं लिहिणार नाही. रडत होतो ते आपण, घरी टीव्हीसमोर.

आता वापराचं थोडं. हे क्रियापद कर्माशिवायही चालतं आणि कर्मासह चालतं. ‘दॅट साँग ऑल्वेज चोक्स मी अप’, म्हणजे ते गाणं ऐकलं की मला दर वेळी भरून येतं. ‘मी’ हे सर्वनाम मध्येच बसतं. ‘चोक्स अप मी’ म्हणालात की लगेच ओळखू येतं की भाषा पाठ केली आहे. ‘गेट चोक्ड अप’ हे बोलण्यात फार चालतं आणि ज्या गोष्टीने गळा दाटला ती ‘अबाउट’ किंवा ‘ओव्हर’ने जोडतात. आंतरिक कारण सांगायचं तर ‘विथ इमोशन’. पण माझं मत विचाराल तर हे ‘विथ इमोशन’ बहुतेक वेळा फुकट असतं. चोक अप आणखी कशाने होणार, मिरचीने? मिरचीने झालं तर ‘चोक ऑन’. आणि अश्रू गिळले, हुंदका दाबला, तर ‘चोक बॅक’. दिशा उलटी झाली की माणूस जिंकला.

ब्रिटनमध्ये नुसतं ‘आय वॉज चोक्ड’ असं कुणी म्हणालं तर ते बहुधा ‘फार वाईट वाटलं, चडफडलो’ या अर्थाने. फुटबॉल हरल्यावर खेळाडू असं बोलायचे. तिथे गळा दाटणं शोधू नका. आणि बेसबॉलच्या वर्णनात ‘चोक्ड अप ऑन द बॅट’ आलं तर फलंदाजाने बॅटची मूठ थोडी वर धरली, एवढाच अर्थ आहे, त्याला कसलाही उमाळा आलेला नाही. मी एकदा हे वाक्य ‘बॅट हातात घेताच त्याला गहिवरून आलं’ असं झालेलं पाहिलं आहे. वाचायला सुंदर होतं.

रागासाठी चालतं का? ‘चोक्ड विथ रेज’ असा प्रयोग आहे, रागाने शब्द फुटेना या अर्थी. पण त्यात ‘अप’ सहसा नसतो. ‘अप’ लागला की वाचक दुःख, कृतज्ञता, अभिमान, निरोप या बाजूला जातो. मुलीच्या पदवीदान समारंभात बाप चोक अप होतो तो आनंदाने. म्हणून अनुवादात दरवेळी दुःख ओतू नये. ‘गहिवर’ हा शब्द इथे उपयोगी पडतो, कारण त्यात दोन्ही मावतात. त्याची एकच अडचण आहे, वर्तमानपत्रांनी त्याला इतकं राबवलं आहे की ‘मान्यवर गहिवरले’ वाचलं की मला सत्काराची शाल दिसते. ‘सद्गदित’ त्याहून भारदस्त, पण बोलताना कोणी वापरत नाही. कथेत संवाद असेल तर ‘मला बोलवेना’ हे दोन शब्द बहुतेकदा पुरतात.

आणि ‘इमोशनल झाली’ हा सगळ्यांचा लाडका पर्याय. तो वापरू नका असं मी म्हणत नाही, पण त्यात गळा, डोळे, हुंदका यांपैकी काय घडलं ते वाचकाला कळत नाही. औपचारिक इंग्रजी पत्रात, संस्थेच्या अहवालात वगैरे, ‘चोक अप’ही टाळावं. तिथे ‘ओव्हरकम विथ इमोशन’ किंवा साधं ‘डीपली मूव्ह्ड’ शोभतं. शोकसभेच्या निमंत्रणात ‘वुई आर ऑल चोक्ड अप’ वाचून मला पुन्हा तो प्लंबर आठवला होता.

तुमच्या वाक्यासाठी लेखात त्याच्या पुढे काय आहे ते एकदा बघा. बाईंनी पत्र तसंच पुढे वाचलं असेल तर ‘वाचता वाचता त्यांचा गळा दाटून आला, क्षणभर थांबून त्यांनी पुढे वाचायला घेतलं’. चष्मा काढून पुसला असेल तर ‘गळा दाटला, डोळे पाणावले’. आणि पत्र शेजारच्या बाईंच्या हातात देऊन त्या खाली बसल्या असतील, तर ‘त्यांच्याच्याने पुढे वाचवेना’. ‘त्यांच्याच्याने’ हा शब्द मात्र संपादकांनी ‘त्यांना’ करू नये म्हणून समासात आधीच लिहून ठेवा.